एकशे बारा घरांची हजेरी

शिट्टी मी वाजवली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना माझं बोट दुसऱ्या कुणाकडे वळायला नको.

आमची वस्ती, विल्का पाता, बोलिव्हियातल्या एल आल्तो शहराच्या अगदी वरच्या टोकाला आहे. हे शहर दर वर्षी दोन-चार गल्ल्या करत वायना पोतोसी डोंगराच्या बर्फाकडे सरकत जातं, आणि त्या वर्षी शहराची शेवटची गल्ली आमची होती. पुढे कोरडी घळ, घळीपलीकडे लोकरीच्या लामांचे कळप चरायचे. एकशे बारा घरं, मातीच्या विटांची, वर पत्रा, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून पत्र्यावर दगड. पोलीस चौकी खाली, मिनीबसने पाऊण तास. शिपाई वर येईपर्यंत चोर माल विकून जेवायला बसलेला असतो. म्हणून आमच्याकडे दर घरात फाटकाशी एक शिट्टी टांगलेली. तीनदा लांब वाजली की जो जिथे असेल तिथून त्याने धावत यायचं. गल्लीच्या तोंडाशी, दिव्याच्या खांबाला, चिंध्या भरलेला एक माणूस फास लावून लटकवलेला आहे. छातीवर पाटी: 'चोर सापडला तर जिवंत जाळू.' असा माणूस इथे प्रत्येक वस्तीला असतो. पाटीवर लिहिलेलं आम्ही तोवर कधी केलं नव्हतं, एवढंच.

त्या जुलैत पंधरा दिवसांत तीन घरं फुटली. तिन्ही फाटकांवर आदल्या दिवशी खडूची खूण सापडली होती. फुली म्हणजे दिवसा घर रिकामं, गोल म्हणजे आत कुत्रा, असं लोक सांगायचे. प्रार्थनाघरातून बंधू सिरियाकोंची गिटार गेली, कर्णा गेला. बंधू सिरियाको आमचे पाळक. ते प्रवचन सांगत नाहीत, गातात. दोन वाक्यं साधी बोलतील, तिसरं चालीवर उचलतील, आणि देवाच्या क्षमेवर आले की माझ्यासारखीच्या डोळ्यांना धार लागते. आठवडाभर बाजारात बसून आंबलेलं अंग त्या आवाजाने हलकं होतं. गिटार गेल्यावर दोन रविवार ते नुसत्या टाळ्यांवर गायले, पण सूर घशात अडकत होता. राग होता तो. आम्हाला सगळ्यांनाच होता.

आणि या सगळ्याच्या आठ महिने आधी आमच्याच वस्तीतल्या निकोलासाचा नवरा गेला होता. सेनोबियो किस्बेर्त टॅक्सी चालवायचा. तिघं जण मागच्या सीटवर बसले, त्यांनी दोरीने त्याचा गळा आवळला, गाडी नेली आणि त्याला दरीच्या कडेला टाकून दिलं. कुत्र्यांनी चेहरा ठेवला नव्हता. निकोलासाने त्याला मोज्यांवरून ओळखलं, मोजे तिनेच विणले होते. मारणारे सापडले नाहीत.

मी बासिलिया कालिसाया, वस्तीच्या मंडळाची चिटणीस. अर्ज लिहायचे, सभेचा वृत्तांत लिहायचा, हजेरी घ्यायची, हे माझं काम. आमची वस्ती शहराच्या नकाशावर घ्या, म्हणून चौदा वर्षं मी अर्ज लिहीत होते.

त्या सकाळी साडेनऊला मी पाव घेऊन परतले, तर माझ्या फाटकावर निळ्या खडूने गोल काढलेला आणि आत आकडा. शेजारच्या भिंतीच्या कडेने एक जण पावलं मोजत चालला होता. तिशीच्या आतला, डोक्यावर टोपी, हातात कागद लावलेली पाटी. मला बघून तो हसला.

"नमस्कार मावशी. हे घर तुमचं का?"

"का? तुला काय करायचंय?"

"किती जणं राहता?"

बोलण्यावरून तो खालच्या गरम मुलखातला वाटला. शब्दांची शेपटं खात होता. मी पावाची पिशवी छातीशी धरली.

"आणि दिवसा घरी कोण सापडतं? का सगळेच कामाला जाता?"

हा प्रश्न त्याच्या कागदावर छापलेला होता, हे नंतर कळलं. त्या घडीला मला फक्त निकोलासाच्या मुठीतला तो चिखलाने भरलेला मोजा दिसला. मी फाटकाआड हात घातला, शिट्टी खेचली आणि फुंकली.

"अहो मावशी, ऐका तरी, मी जनगणने..."

तोवर दुसरी फुंकली. तिसरीही.

तो पळाला. पळणाऱ्याला कोण काय विचारणार? साठ पावलं गेला असेल. चार हजार मीटर उंचीवर पळणं त्याच्या छातीला झेपलं नाही. तोंड वासलं, हात गुडघ्यांवर आले, आणि पहिला दगड त्याच्या पाठीत बसला. दुसरा डोक्यात. तो बसला नाही, आडवाच झाला.

मग माणसं आली. निम्मी वस्ती गावी गेली होती, बटाटे थंडीत गोठवून तुडवायचे दिवस होते ते, तरी पन्नास-साठ जण सहज जमले. मिनीबसवाला मकारियो वायता जाड वायरीचा तुकडा घेऊन आला. एऊलोखियाबाई लाटणं घेऊन आली, हाताला पीठ तसंच होतं. त्याचे बूट आधी काढले, पळू नये म्हणून. वायरीचे फटके बसत होते तसा त्याचा शर्ट पाठीवर फाटत गेला. कुणीतरी कानाला धरून उठवायला गेलं, आणि कान अर्धा हातात आला.

"तिकडे खाली चोरायला काही उरलं नाही का रे? एवढं चढून आलास!"

"दमला बिचारा. पाणी पाजा!"

पाणी पाजलं नाही, अंगावर ओतलं. रात्री बाहेर राहिलेली बादली होती, वर बर्फाची खापरी होती. ती खापरीही त्याच्या डोक्यावर फुटली. त्याला ओढत खांबाशी नेलं आणि त्या चिंध्यांच्या माणसाखाली गाठी मारमारून बांधलं.

"बोल, बाकीचे दोघं कुठे आहेत?" निकोलासा त्याचे केस धरून विचारत होती. "दोरी कुणी धरली होती? बोल!"

त्याच्या तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. शब्द येत नव्हता.

मी बघत होते. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू? आठ महिन्यांनी पहिल्यांदा आपल्या हाताला कुणीतरी लागलं, असं वाटत होतं.

त्याची पाटी मोडून गल्लीभर कागद उडाले होते. एक माझ्या पायाशी येऊन अडकला. घाण नको म्हणून उचलला, आणि बघते तर आमची गल्ली. एकेक घर म्हणजे एकेक चौकोन. कोरडी घळ काढलेली, चारही नळ काढलेले, प्रार्थनाघराला छोटासा क्रूस. कोपऱ्यात गोल शिक्का, आणि वर ठळक अक्षरांत, एकही चूक न करता: विल्का पाता. माझ्या घराच्या चौकोनात तोच आकडा, जो फाटकावर निळ्या खडूने लिहिला होता. जनगणनेआधी घरं मोजायला पाठवलेला माणूस होता तो. चौदा वर्षं ज्याला बोलावत होते तोच आला होता, आणि मी...

मी कागद डोक्यावर उंच धरला.

"थांबा!" मी ओरडले. "अरे थांबा, हा सरकारी माणूस आहे! हा बघा नकाशा, शिक्का बघा!"

"शिक्के बाजारात पाहिजे तेवढे मिळतात," मकारियो म्हणाला.

"चिटणीसबाईंना शिक्का दिसला की लगेच पाझर फुटतो," मागून कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले.

मी बंधू सिरियाकोंकडे पाहिलं. ते गर्दीत उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मकारियोने गाडीच्या टाकीत नळी घालून पेट्रोल ओढलं, डबा भरला. पहिला सपकारा त्या माणसाच्या छातीवर बसला. जखमांवरून पेट्रोल ओघळलं तेव्हा तो जो ओरडला, तो आवाज माणसाचा नव्हता. निकोलासाने ॲप्रनच्या खिशातून काड्यापेटी काढली.

मी घराकडे धावले. पळून चाललेय असं कुणाला वाटलं असेल. मला वही हवी होती.

आमच्याकडे हजेरीशिवाय काहीही होत नाही. सभा, नळाचा चर खणायचा दिवस, खाली शहरात मोर्चा, रस्ता अडवणं, कुठेही गेलं की शेवटी मी वही उघडते, आणि एक ते एकशे बारा घरांच्या मालकांची नावं वाचते. 'हजर' म्हटलं नाही तर दंड, तीनदा चुकलं तर नळाच्या रांगेत शेवटचा नंबर. भर गारपिटीत माणसं माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिलेली मी पाहिली आहेत. दुसरं काहीच माझ्या हातात नव्हतं.

परतले तेव्हा निकोलासाची पहिली काडी वाऱ्याने विझली होती. या उंचीवर काडी सहजी धरत नाही. ती दुसरी ओढत होती. मी गर्दीत खांदा घातला, कोपरं खात पुढे गेले, आणि त्या माणसाला पाठ लावून उभी राहिले. त्याच्या अंगावरचं पेट्रोल माझ्या परकरात, शालीत भिनलं. त्याची छाती माझ्या पाठीवर धडधडत होती.

"सरक, बासिलिया."

"नाही सरकणार. काडी लागली तर दोघांना लागेल. बघ, भिजलेय."

"सरक म्हणते ना!"

मी वही उघडली, आणि सभेत वाचते त्याच आवाजात ओरडले, "एक नंबर! फोर्तुनातो चांबी!"

क्षणभर कुणाला काही कळेना. मग मागून त्यांच्या, म्हणजे मंडळाच्या अध्यक्षांच्या, सुनेचा आवाज आला, सवयीने: "मामंजी गावाला गेलेत, बटाटे तुडवायला! त्यांच्या जागी मी हजर!" आणि मग जरा खालच्या आवाजात, "त्यांना शिक्क्याचं पत्र आलं होतं खरं. जनगणनेचं काहीतरी. कोटाच्या खिशात ठेवलं, आणि कोट घालूनच गेले."

"मग हे आधी बोलायला काय झालं होतं?"

"मला कोण विचारतंय इथे!"

"दोन नंबर! एऊलोखिया तिकोना!"

"हजर." लाटणं पाठीमागे गेलं.

तीन हजर. चार गावी. पाच हजर. मी नाव घेत होते, माणसाच्या डोळ्यांत बघत होते आणि लिहीत होते. गर्दीतून एकेक तोंड वेगळं निघत होतं.

"सहा. मकारियो वायता."

"काय चाललंय तुझं? ही काय सभा आहे?"

"माणूस जाळायचा निर्णय वस्तीचा आहे ना? मग वृत्तांत नको? हजर की गैरहजर?"

"...हजर."

"पेट्रोल तू आणलंस म्हणून लिहिते."

"ते आता कशाला लिहायचं?"

"चर खणताना फावडं कुणी आणलं ते लिहिते ना? तेव्हा बरा भांडतोस, माझं नाव राहिलं म्हणून."

त्याने डबा खाली ठेवला. उचलला. परत ठेवला.

एक दगड माझ्या गुडघ्यावर आला. कुणी मारला ते दिसलं नाही. मी वाचत राहिले. निकोलासा काडी हातात धरून एका पावलावर उभी होती. वाऱ्याने तिच्या वेण्या तोंडावर येत होत्या, पण ती पापणी हलवत नव्हती.

"एकतीस. सिरियाको पोमा."

"ते घरी आहेत, त्यांना ताप आलाय," त्यांची बायको घाईघाईने म्हणाली. बंधू तिच्या मागे दोन पावलांवर उभे होते. सगळ्यांना दिसत होते.

"हजर आहे," ते म्हणाले. त्या आवाजात त्या दिवशी सूर नव्हता. "दगडही माझ्या हातात आहे. त्याच्या डोक्यात बसला तो माझाच. तेही लिही, बासिलियाताई."

त्यांनी दगड टाकला आणि खांबामागे जाऊन गाठी सोडायला लागले. निकोलासाच्या दिराने त्यांना मानेला धरून मागे ओढलं, जमिनीवर पाडलं आणि बरगडीत लाथ घातली. ते उठून परत गाठींकडे आले. परत लाथ बसली. तिसऱ्यांदा ते गुडघ्यांवरच आले.

सत्तेचाळीस नंबर माझाच होता. "बासिलिया कालिसाया," मी वाचलं आणि मीच म्हटलं, "हजर. सुरुवात हिने केली." लिहिताना पेन कागदातून आरपार गेलं.

पन्नास, बावन्न, पंचावन्न. मला पुढचं पान माहीत होतं. यादीत नाव घराच्या मालकाचं असतं, आणि निकोलासाने ते अजून बदललं नव्हतं. आठ महिने दर सभेला मी ते नाव वाचत होते आणि ती 'हजर' म्हणत होती.

"अठ्ठावन्न." मी पान उलटलं. "सेनोबियो किस्बेर्त."

नुसते पत्रे वाजत होते.

"हे नाव आज घेऊ नकोस," निकोलासा म्हणाली.

"दर वेळी घेते. दर वेळी तू उत्तर देतेस. आज काय लिहू, निकोलासा? हा जाळला तेव्हा सेनोबियो हजर होता, असं लिहू?"

तिने मूठ वळून माझ्या तोंडावर मारली. काड्यापेटी मुठीत होती, तिची कड ओठात घुसली. वहीवर थेंब पडले.

"सेनोबियो किस्बेर्त."

दुसरी मूठ गालफडावर बसली. एक दात हलला, तो मी जिभेने धरून ठेवला.

"सेनोबियो किस्बेर्त. हजर की गैरहजर?"

तिसऱ्यांदा तिचा हात वर गेला आणि वरच राहिला. मग ती बोलली, पण माझ्याशी नाही.

"त्याने कोंबडीसुद्धा कधी कापली नाही. सणाला मला कापायला लावायचा, आणि स्वतः रेडिओ मोठा करून आत बसायचा. तो असल्या ठिकाणी थांबला नसता." तिने नाक पुसलं. "नव्हता तो. लिही. गैरहजर."

मी लिहिलं. तिने काड्यापेटी खिशात घातली आणि गर्दी कापत घराकडे निघून गेली. कुणी अडवलं नाही. तिचा दीर तिच्या मागे गेला.

आणि मग एक अजब सुरू झालं. "बासिलियाताई, माझं गैरहजर लिही, मी नुसती बघायला आले होते." "मी तर पावाला निघालो होतो." "ते हजर खोड ना माझं." चौदा वर्षं एका हजेरीसाठी माझ्याशी भांडणारी माणसं गैरहजेरीसाठी हात जोडत होती, पावलं मागे घेत होती, फाटकं लावून घेत होती. मी काही खोडलं नाही. एकशे बारापर्यंत वाचलं. शेवटची नावं रिकाम्या गल्लीला ऐकवली.

उरलो आम्ही अकरा जण. गाठी सुटत नव्हत्या, लाटणं घेऊन आलेल्या एऊलोखियाने सुरी आणून कापल्या. तो माझ्या अंगावर कोसळला. खिशातल्या ओळखपत्रावर नाव होतं, रेम्बेर्तो पेद्रासा, वय सव्वीस.

"गाडी काढ," मी मकारियोला म्हटलं.

"काढतो. पण पेट्रोल कुठंय? ते तर याच्याच अंगावर ओतलं मी!" आणि तो मोठा माणूस डोकं धरून रडायला लागला.

टाकीच्या तळाशी जे होतं ते होतं. पहिला उतार त्याने इंजिन बंद करून गाडी नुसती सोडली. खिडक्या सगळ्या उघड्या, तरी पेट्रोलच्या वासाने डोळे जळत होते. बंधू सिरियाको एका हाताने स्वतःची बरगडी आणि दुसऱ्या हाताने त्याचा पाय धरून बसले होते. त्यांचे ओठ हलत होते. मी त्याचा कान शालीच्या कोरड्या टोकाने दाबून धरला होता. शहर खाली उतरत उतरत दाट होत गेलं, एकावर एक मजले, बाजार, माणसं. कुणाला काही माहीत नव्हतं.

इस्पितळात त्याचे कपडे कापून काढले, साबणाच्या पाण्याने अंग धुतलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. वाचेल म्हणाल्या. डाव्या डोळ्याचं आत्ताच सांगता येणार नाही. मग कान शिवायला घेतला.

"डोकं घट्ट धरा. हलता कामा नये. तुम्ही याच्या कोण?"

"वस्तीतली," मी म्हटलं.

सुई आत गेली तसा त्याने चांगला डोळा उघडला. आधी छताकडे गेला, मग माझ्याकडे. त्याने मला ओळखलं. सगळं अंग ताठ करून त्याने डोकं हिसडलं, टेबल हललं.

"ही नको," तो फुटक्या तोंडाने म्हणाला. "हिला बाहेर काढा."

"धरा हो! सुई आत आहे!" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

दुसरं कुणी जवळ नव्हतं. मी दोन्ही हातांनी त्याचं डोकं छातीशी दाबलं. त्याला दुसरं काही हलवता येईना, तेव्हा त्याने माझं मनगट दातांत धरलं आणि चावला. शेवटचा टाका पडेपर्यंत तो चावत होता. मी हात काढला नाही.